हिरव्या सैनिकाचा मावळा करताना: रंग का सोलतो, हात का निखळतो आणि आधी काय कापायचं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका आईने विचारलंय: "मुलगा बारा वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत त्याच्या किल्ल्यासाठी बाजारातून हिरवे प्लास्टिकचे सैनिक आणले, रंगवले आणि मावळे म्हणून ठेवले. भाऊबीजेपर्यंत रंग सोलून निघाला, भाला धरलेले नवे हात गळून पडले. आणि खरं सांगायचं तर ते मावळे वाटतच नव्हते, भगवा रंग दिलेले परदेशी सैनिकच वाटत होते. यंदा काय वेगळं करू? त्याला एक घोडेस्वारही हवाय."

ताई, तुम्ही तिन्ही दुखणी बरोबर ओळखली आहेत. मी वागळे इस्टेटमधल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. साच्यातून निघालेला माल हातात घ्यायचा, तो कशाचा आहे, कुठे कच्चा राहिलाय हे बघायचं, हेच काम. सैनिकांचा छंद तिथूनच लागला. आमच्या सोसायटीच्या किल्ल्यासाठी दरवर्षी मावळे मी आणि मुलं मिळून करतो. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे. सैनिक बदलायचा म्हटलं की आपण त्याच्यावर काहीतरी लावायला धावतो: रंग, गोंद, कापड. खरी मेहनत असते ती आधी नको ते काढण्यात आणि नवं आहे ते नीट अडकवण्यात. लावणं शेवटी येतं.

आधी प्लास्टिक ओळखा. सैनिकाच्या पायाखालच्या पट्टीचा नखाएवढा तुकडा कापा, वाटीभर पाण्यात टाका आणि वर भांड्याच्या साबणाचा एक थेंब सोडा. साबण यासाठी, की हलका तुकडा पाण्याच्या पृष्ठभागावर नुसता अडकून राहू नये. तुकडा तरंगला तर ते पॉलिथीन. त्याची घनता ०.९१ ते ०.९६, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. बुडाला तर दोन शक्यता. रबरासारखा वाकला तर पीव्हीसी, वाकवताच पांढरा पडून कटकन मोडला तर पॉलिस्टायरीन, म्हणजे जोडणीच्या मॉडेल किटमध्ये असतं ते. पिशवीत मिळणारे हिरवे सैनिक बहुतेक वेळा तरंगतात. तरी प्रत्येक पिशवीतला एक सैनिक तपासाच, कारण पुढचा सगळा निर्णय यावर आहे.

पॉलिथीनला रंग धरत नाही यात तुमच्या हाताचा दोष नाही. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा आहे. मेणबत्तीवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. रंगाचंही तसंच होतं. तो वर बसतो, आत रुजत नाही. त्यात हे प्लास्टिक लवचीक. भाला वाकला की वरचा कडक रंग तडकतो आणि पापुद्रा सुटतो. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने १९५९ साली मऊ प्लास्टिकचे छोटे सैनिक बाजारात आणले, तेव्हापासून जगभरचे छंदी लोक याच पापुद्र्यांशी झगडत आहेत. कारखान्यात आम्ही पॉलिथीनच्या बाटलीवर छपाई करण्याआधी तिच्यावरून क्षणभर ज्योत फिरवायचो, म्हणजे पृष्ठभाग शाई धरायला तयार होतो. घरी हे करू नका. सैनिकाची बंदूक आणि बोटं इतकी बारीक असतात की तयार व्हायच्या आत वितळतात.

घरचा उपाय असा. सैनिक कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासून धुवा आणि एक रात्र वाळू द्या. साच्यातून माल सुटावा म्हणून मारलेलं तेलकट द्रव्य अंगावर राहिलेलं असू शकतं. मग गाडीच्या बंपरसाठी मिळतो तो प्लास्टिक प्रायमर फवारा. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते पॉलिथीनचं सख्खं भावंड, म्हणून तो प्रायमर इथेही चालतो. गाडीच्या रंगांच्या दुकानात मागा. फवारणी गच्चीत किंवा मोकळ्या जागेत, तोंडाला मास्क लावून आणि मोठ्यांनीच करायची. दोन पातळ हात पुरतात. त्यावर ॲक्रिलिक रंग द्या, कारण तो वाळल्यावरही थोडा ताणला जातो. एक सावधगिरी: पॉलिस्टायरीनच्या सैनिकावर हा बंपरचा प्रायमर मारू नका, त्यातली रसायनं ते प्लास्टिक खातात. त्याला साधा ॲक्रिलिक प्रायमर पुरतो.

पातळ फेविकॉलचा हात देऊन मग रंगवायचं, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. कपाटात ठेवायच्या सैनिकांसाठी तो चांगला आहे, मीही वापरते. पण किल्ल्यावरचा सैनिक ओल्या मातीत उभा असतो आणि हळीव उगवावी म्हणून पोरं त्याच्यावर रोज पाणी शिंपडतात. साधा फेविकॉल पाण्याने पुन्हा मऊ होतो. तुमचा रंग भाऊबीजेपर्यंत गेला त्यात या रोजच्या पाण्याचाही वाटा असणार. म्हणून शेवटी मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन हात हवेतच, आणि ते पट्टीच्या खालच्या बाजूलाही. पाणी तिथूनच वर चढतं.

पीव्हीसीचा धडा मी माझे सैनिक घालवून शिकले. सुरुवातीच्या काळात तीसेक सैनिकांना थेट डबीतला एनॅमल रंग दिला. चार महिने झाले तरी ते चिकटच होते. धूळ बसली, केस चिकटले, शेवटी सगळे टाकावे लागले. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं घातलेली असतात. ती हळूहळू बाहेर येतात आणि एनॅमलला वाळू देत नाहीत. पीव्हीसीवर ॲक्रिलिकच वापरा. आणि असे सैनिक पॉलिस्टायरीनच्या सैनिकांना टेकवून एका डब्यात ठेवू नका, वर्षभरात त्यांच्या अंगावर डाग आणि खड्डे पडतात.

आता गळून पडलेले हात. फेविक्विक पॉलिथीनवर धरत नाही. कारण तेच, मेणासारखा पृष्ठभाग. त्यामुळे गोंदावर विसंबायचंच नाही. प्रत्येक सांध्यात तार हवी. कागदाची क्लिप सरळ करा, साधारण ०.८ मिलिमीटरची तार मिळते. हातात फिरवायच्या छोट्या ड्रिलने, म्हणजे पिन व्हाइसने, तारेपेक्षा किंचित बारीक भोक पाडा. खांद्यात चार मिलिमीटर आणि हाताच्या लांबीत चार-पाच मिलिमीटर. मऊ प्लास्टिक तारेला आवळून धरतं, हा त्याचा गुण आपल्या कामाचा. तारेची टोकं पकडीच्या दातांनी चावून खरबरीत करा म्हणजे ती फिरणार नाही. मग फेविक्विकचा थेंब फक्त फट भरायला. ड्रिल नसेल तर पकडीत धरलेली टाचणी मेणबत्तीवर तापवून भोक पाडता येतं, पण खिडकी उघडी ठेवा आणि हे काम तुम्ही करा, मुलाला देऊ नका.

कापायचं कुठे, याला एक साधा नियम आहे: जिथे कपड्याला नैसर्गिक शिवण किंवा घडी असते तिथे. मानेला गळपट्टीपाशी, हात खांद्याच्या शिवणीवर, धड पट्ट्याच्या रेषेवर. मग सांधा झाकायला फारसं काही लागत नाही. जुन्या रबरी स्लिपरचा तळ खाली घ्या, ब्लेड त्यात रुततं आणि सटकत नाही. सैनिक बोटांत धरण्याऐवजी कपड्याच्या चिमट्यात धरा. ब्लेड नवं हवं. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि बोट त्याच जोरात कापतं. साच्याची उभी रेघ काढायला पॉलिशपेपर घासू नका. मऊ प्लास्टिकवर लव उठते आणि मग ती कशानेच बसत नाही. ब्लेड आडवं धरून एकाच दिशेने खरवडा.

पोझ थोडी बदलायची असेल तर कापायचीही गरज नाही. पाणी उकळा, चिमट्यात सैनिक धरून अर्धा मिनिट बुडवा, हवा तसा वाकवा आणि लगेच गार पाण्यात धरा. हवं त्यापेक्षा किंचित जास्त वाकवा, कारण थोडं परत येतं. पिशवीत दबून वाकडे झालेले भालेही असेच सरळ होतात. रंग दिल्यावर मात्र हे करायचं नाही.

तुमची तिसरी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मावळे परदेशी सैनिकच वाटत होते. किल्ला आपण तीन-चार फुटांवरून बघतो. तिथून रंग नंतर दिसतो, आधी दिसते ती बाह्याकृती. असे प्लास्टिकचे सैनिक अमेरिकेत १९३८ पासून बनू लागले, आणि आपल्या पिशवीत येतात ते बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या पायदळाचे: कडेचं हेल्मेट, पाठीवर पिशवी, घोट्यापर्यंत बूट, आखूड रायफल. या चार गोष्टी अंगावर राहिल्या तर तुम्ही कितीही भगवा ओता, तो परकाच दिसणार. म्हणून पहिल्या दिवशी नुसतं काढायचं. हेल्मेटची कड छाटा, घुमट राहू द्या, तो मुंडाशाच्या आत जाईल. पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, पट्ट्यावरच्या डब्या तासून टाका. बुटाची वरची कड खरवडली की अनवाणी पाऊल किंवा साधा जोडा वाटतो.

आणि पोझ निवडताना हातातलं हत्यार बघू नका, अंगाचा तोल बघा. हातगोळा फेकणारा माणूस मागच्या पायावर रेललेला असतो. त्याच्या हातात विटा, म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला द्या, तो हुबेहूब विटेकरी होतो. संगीन रोखून धावणारा म्हणजे भालाईतच. गुडघा टेकून नेम धरणारा बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी शिपाई होतो, फक्त रायफलची नळी तारेने लांब करा आणि खालचं मॅगझिन कापा, म्हणजे तोड्याची, जुनी वातीने उडवायची बंदूक वाटते. सुरुंग शोधणारा, दोन्ही हातांत लांब दांडा घेतलेला सैनिक पिशवीत असतोच, पोरांना तो नकोसा वाटतो. त्याचा दांडा कापला की दोन्ही हात पुढे आलेला, निशाण धरायला तयार असलेला माणूस मिळतो. पाठीवर रेडिओ असलेला मात्र सोडून द्या, त्याची पाठ तासण्यात संध्याकाळ जाते आणि हाती फार काही लागत नाही.

माझा आवडता सैनिक म्हणजे पोटावर सरपटणारा. त्याला आडवा ठेवायची सवय सोडून उभा करून बघा. एक गुडघा वर, एक हात वर, नजर वर: तो कडा चढतोय! खालची पट्टी कापा, हातातली बंदूक काढा, पोटातून तार आरपार घालून ती किल्ल्याच्या भिंतीत खुपसा आणि हाताशी सुती दोरा सोडा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांची माणसं कोंढाण्याचा कडा चढली, तो प्रसंग असे चार सैनिक उभे करतात. तुमच्या मुलाला पहिला मावळा हाच करायला सांगा. त्यात कापाकापी कमी आणि फरक एका संध्याकाळी दिसतो.

मुंडासं आणि अंगरख्यासाठी एम-सील घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळायच्या. एका वेळी वाटाण्याएवढंच मळा. अर्ध्या तासात ते ताठ व्हायला लागतं आणि मग घडी पडत नाही, चीर पडते. हातमोजे घाला, कच्चं इपॉक्सी वारंवार त्वचेला लागलं तर पुरळ येतं. ओल्या बोटाने मऊ होतं, पाणी जवळ ठेवा. मुंडाशासाठी शेवयांएवढी बारीक सुरळी वळा, ती चपटी करा आणि डोक्याभोवती तिरकी गुंडाळा, एका फेऱ्यावर दुसरा थोडा चढवत. एकच जाड गोळा लावून वर रेघा ओढल्या तर ते मुंडासं न वाटता लाडू वाटतो. अंगरख्याचा घेर कमरेखाली वेगळ्या पट्टीने द्या आणि धावणाऱ्याचा घेर मागे उडालेला ठेवा. त्या एका गोष्टीने सैनिक पळतो. शेला कमरेच्या सांध्यावर येतो, म्हणजे कापलेली जागा आपोआप झाकली जाते. एम-सील पॉलिथीनला चिकटत नाही, पण गुंडाळलेलं असलं की अडकून राहतं. सपाट जागी लावायचं असेल तिथे टाचणीची दोन टोकं आधी रोवून ठेवा. पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्या.

हत्यारांना मापाची शिस्त हवी. पाच सेंटिमीटरचा सैनिक म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण तेहतिसावा भाग. म्हणजे मीटरभर लांबीची तलवार तीन सेंटिमीटर आणि तीन मीटरचा भाला नऊ सेंटिमीटर. पोरं तलवार फार मोठी करतात, मग मावळा लहान दिसतो. विजेच्या वायरमधली तांब्याची तार हातोडीने चपटी केली की धोपेचं, म्हणजे सरळ मराठा तलवारीचं पातं होतं. भाल्याला नारळाच्या झावळीची हीर घ्या, खराट्यातली. हलकी, ताठ, आणि प्लास्टिकच्या भाल्यासारखी लोंबत नाही. ढालीसाठी चहाच्या चमच्याच्या पाठीला टाल्कम पावडर लावा, त्यावर एम-सीलची पातळ चकती दाबा आणि वाळल्यावर दीड सेंटिमीटरची गोल कापा. ढालीवरच्या चार गोल उंचवट्यांसाठी राजगिऱ्याचे चार दाणे फेविक्विकने लावा. वरून रंग आणि वार्निश बसलं की ते नीट टिकतात.

रंगाबद्दल थोडंच सांगते. सगळ्यांना भगवं नेसवू नका. जाड्याभरड्या सुती कापडाचा मळका पांढरा, मातकट तपकिरी, फिका निळा, आणि भगवा फक्त निशाणाला आणि एखाद्या मुंडाशाला. मग तो उठून दिसतो. कपडे रंगवून झाले की तपकिरी रंग चहाएवढा पातळ करून अंगभर सोडा, घड्यांत साचतो आणि शिल्प उघडतं. डोळे काढू नका, भुवईखाली गडद रेघ पुरते. आपल्याकडे खाडीची हवा दमट. पावसाळी दिवशी मॅट वार्निशचा फवारा मारला तर सैनिक पांढुरके पडतात. म्हणून फवारणी पाऊस ओसरल्यावर, कोरड्या दुपारी. घटस्थापनेला कापायला घेतलंत तर दिवाळीपर्यंत जवळजवळ चार आठवडे मिळतात, पंधरा सैनिकांना ते पुरेसे आहेत. पन्नास करू नका.

आणि एक सुचवू का? दरवर्षी रायगड आणि प्रतापगड होतात, यंदा ठाण्याचाच किल्ला करा. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, तेव्हा इथला किल्ला अजून बांधून पूर्णही झाला नव्हता. पुढे १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे, मुलं शाळेला जाता-येता ती भिंत बघतात. अर्धवट बांधलेला बुरुज करणं मुलांना जमतं, आणि मऊ प्लास्टिकच्या एखाद्या सैनिकाला एम-सीलची रुंद टोपी दिली की तो पोर्तुगीज होतो.

उभं राहण्याचा प्रश्न सगळ्यांनाच असतो. पट्टीखाली दोन टाचण्या उलट्या तापवून रोवा, टोकं खाली. मातीत खुपसल्या की मांजर अंगावरून गेलं तरी मावळा पडत नाही. दिवाळीनंतर काढताना टोकांवर थर्माकोलचा तुकडा लावून ठेवा.

आता घोडेस्वार. खेळण्यातल्या काउबॉयच्या पिशवीत घोडे मिळतात. त्यातला लहान चणीचा घोडा निवडा, कारण मराठ्यांची भीमथडी, म्हणजे भीमा नदीकाठची तट्टं उंचीने लहान होती. मोठा डौलदार घोडा इथे चुकीचा दिसेल. पायी सैनिकाचे पाय फाकवत बसू नका. काउबॉयच्या कमरेखालचा भाग तसाच ठेवा, तो आधीच घोड्यावर बसणारा आहे. त्याला पट्ट्याच्या रेषेवर कापा आणि त्यावर भालाईताचं धड बसवा, मध्ये दोन तारा, म्हणजे ते फिरणार नाही. धड घोड्याच्या मानेच्या दिशेने किंचित पुढे झुकवा, सरळ ठेवलं तर तो फोटोला बसल्यासारखा वाटतो. काउबॉयच्या खोगिराला पुढे एक खुंटी असते, ती कापून टाका आणि वर एम-सीलची पातळ चादर घालून खोगीर करा, कडेला दोन झुली सोडा. पॉलिथीनचा घोडा उभा राहत नसेल तर चारही खुरांत तार घालून तो पुठ्ठ्याऐवजी जुन्या प्लास्टिकच्या झाकणावर बसवा, पुठ्ठा ओल्या मातीत फुगतो. लगामाला काळा शिवणदोरा घ्या, फेविक्विकने ताठ करा, आणि तो अगदी शेवटी, रंग आणि वार्निश झाल्यावरच लावा. आधी लावला तर मानेखाली ब्रश पोहोचत नाही.